व्ह्यूफाइंडरमधली हळद

एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्यातलं कुठलंही लग्न घ्या. ऊन असं की मांडवावर हिरवी जाळी ताणल्याशिवाय दुपारची पंगत बसत नाही. त्या जाळीखाली नवरीला हळद लागते, फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावतो आणि आत पाहतो तर हळद हिरवट. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तीच हळद जरा बरी. मागून डोकावणारी नवरीची आत्या विचारते, "हळद अशी हिरवी कशी दिसून राहिली, भाऊ?" रात्री घरी लॅपटॉपवर फोटो उघडला तर पिवळा रंग तिसराच. मग निष्कर्ष ठरलेला: व्ह्यूफाइंडर गेला.

तो सहसा गेलेला नसतो. रंगाच्या तक्रारीत पॅनल खरोखर दोषी निघण्याची वेळ क्वचित येते. बिघाड शोधायचा तर आधी हे यंत्र दाखवतं तरी काय, ते पाहायला हवं.

जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून आणि प्रिझममधून थेट डोळ्यात यायचा. मधे वीज नव्हती, गणित नव्हतं. आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यात प्रकाश सेन्सरवर पडतो, सेन्सरचे आकडे प्रोसेसर वाचतो, त्यांतून चित्र रचतो, ते साधारण अर्ध्या इंचाच्या पॅनलवर उमटवतो आणि त्या पॅनलकडे आपण एका भिंगातून पाहतो. हा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, कॅमेरेवाल्यांच्या भाषेत ईव्हीएफ. चार तोंडांतून आलेल्या निरोपात कुठला शब्द कोणी बदलला हे जसं एकेकाला विचारूनच कळतं, तसं इथे प्रकाश, प्रक्रिया, पॅनल आणि डोळा या चौघांना वेगवेगळं विचारावं लागतं. लोक मात्र नेमकं तिसऱ्यालाच आधी धरतात.

या तिसऱ्यानं एके काळी त्रास दिलाय, हेही खरं. २००८ साली पॅनासॉनिकचा जी-१ हा पहिला मायक्रो फोर थर्ड्स कॅमेरा आला. त्याच्या ईव्हीएफमध्ये लाल, हिरवी आणि निळी चित्रं एकामागून एक, डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगानं दाखवली जात. डोळा स्थिर असेल तर रंग एकमेकांवर बसत. पण पळत्या चितळामागे कॅमेरा झटकन वळवला की पांढऱ्या कडांना इंद्रधनुष्यासारख्या रेघा सुटत. पुढे २०११ मध्ये सोनीचे नेक्स-७ आणि ए-७७ हे कॅमेरे साडेतेवीस लाख ठिपक्यांचं ओएलईडी पॅनल घेऊन आले आणि त्या पद्धतीबरोबर हा दोषही हळूहळू मागे पडला. ठिपक्यांच्या आकड्यानं मात्र हुरळून जाऊ नये. लाल, हिरवा आणि निळा मिळून एक पूर्ण बिंदू होतो, म्हणून साडेतेवीस लाख ठिपके म्हणजे १०२४ गुणिले ७६८, अर्थात पावणेआठ लाखांच्या आसपास बिंदू. २०२० च्या सोनी ए-७एस-३ मध्ये ठिपके ९४ लाखांवर गेले, म्हणजे २०४८ गुणिले १५३६ बिंदू. त्यामुळे चित्र रेखीव झालं. रंगाच्या खरेपणाशी या आकड्याचा काही संबंध नाही, आणि जाहिरातीत तो जिथे छापतात तिथे ही गोष्ट कोणी सांगत नाही.

आता तपासाची पहिली चाचणी. लागतं फक्त एक करडं कार्ड, फोटोच्या दुकानात मिळतं ते १८ टक्के परावर्तनाचं. मांडवाबाहेर मोकळ्या उन्हात ते धरा, त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या आणि कार्डाचाच एक जेपेग फोटो काढा. मग ईव्हीएफमध्ये तीन गोष्टी पाहा: कार्डाचं चालू दृश्य, प्लेबॅकमध्ये तोच काढलेला फोटो, आणि तोच फोटो मागच्या स्क्रीनवर. साठवलेला फोटो महत्त्वाचा, कारण त्यातले आकडे आता बदलत नाहीत. चालू दृश्य आणि प्लेबॅक ईव्हीएफमध्येच वेगळे दिसले तर दोष कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये. दोन्ही सारखे पण मागच्या स्क्रीनशी जुळत नाहीत, तर प्रश्न पॅनलचा किंवा डोळ्याचा. तिन्ही ठिकाणी कार्ड करडंच दिसतं आणि मांडवात शिरल्यावर तिन्ही ठिकाणी हळद हिरवी होते, तर ईव्हीएफ निर्दोष आहे, प्रकाशाला धरा.

साक्षीला चौथा हवा असेल तर आपला फोन चालतो, पण आधी त्याची तोंडी घ्या. फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'व्हिविड' असेल तर 'नॅचरल' करा, आणि डोळ्यांना आराम म्हणून स्क्रीन पिवळी करणारी सोय बंद करा. ती संध्याकाळी आपोआप सुरू होते आणि आपल्याला आठवतही नाही. दुसरीकडे, फोन आयपीसला लावून ईव्हीएफचा फोटो काढायचा आणि तो ग्रुपवर पुरावा म्हणून टाकायचा, हा प्रकार निरुपयोगी आहे. फोन त्या फोटोला स्वतःचा व्हाइट बॅलन्स लावतो. म्हणजे एका संशयिताची जबानी दुसऱ्यानं लिहून घेतलेली.

मांडवातल्या प्रकाशाकडे येऊ. हिरव्या जाळीतून गाळून आलेला प्रकाश खरोखर हिरवट असतो. हळदीतला कर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषतो आणि हिरव्यापासून लालपर्यंतचा परत पाठवतो, त्या मिश्रणाला आपण पिवळा म्हणतो. जाळीखाली त्यातला लाल भाग कमी पडतो, मग उरलेलं मिश्रण हिरव्याकडे झुकणारच. कॅमेरा 'डेलाइट'वर असेल तर ईव्हीएफमध्ये दिसणारी हिरवट हळद हा तिथल्या प्रकाशाचा प्रामाणिक अहवाल आहे. आत्याला समोरची हळद मात्र पिवळी दिसते, कारण तिच्या मेंदूनं जाळीचा हिरवेपणा कधीच वजा करून टाकलाय. डोळ्यांची ही सवय, रंग-अनुकूलन, योहानेस फॉन क्रीसनं १९०२ मध्ये सूत्रात मांडली: भोवतालच्या प्रकाशात जो रंग जास्त, त्या रंगाच्या पेशींची संवेदना डोळा कमी करतो. मागच्या स्क्रीनवर हळद जरा बरी दिसण्याचं एक कारणही तेच. स्क्रीन आपण दोन्ही डोळ्यांनी, भोवतालचा मांडव नजरेत ठेवून पाहतो, तेव्हा ती वजाबाकी चालू असते. आयपीसच्या काळोखात भोवताल तुटतो आणि वजाबाकी अर्धवट राहते.

यावर उपाय म्हणून लोक केल्विन फिरवत बसतात. इथे केल्विनचा फारसा उपयोग नाही आणि कारण सोपं आहे. व्हाइट बॅलन्सला दोन अक्ष असतात. एक पिवळसर ते निळा, दुसरा हिरवा ते मॅजेंटा. केल्विनचा आकडा पहिल्या अक्षावर चालतो, कारण तो दिव्याच्या तारेपासून सूर्यापर्यंत तापलेल्या वस्तूंच्या प्रकाशाचं माप आहे. पिवळ्या बल्बला २,८०० च्या आसपास, दुपारच्या उन्हाला ५,५००, सावलीला ७,००० किंवा जास्त. जाळीचा हिरवा रंग या रेषेवर बसतच नाही, तो दुसऱ्या अक्षावर आहे. त्यासाठी मेनूमधल्या व्हाइट बॅलन्स शिफ्टच्या चौकटीत ठिपका मॅजेंटाकडे सरकवावा लागतो, किंवा करडं कार्ड नवरीच्या चेहऱ्याजवळ धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यावा लागतो. दुसरी वाट सोपी. पण तिची किंमत आहे: जाळीखालचं सगळं ताळ्यावर येतं आणि मांडवाच्या कडेला खऱ्या उन्हात उभे असलेले पाहुणे गुलाबी होतात. दोन प्रकाशांत एक व्हाइट बॅलन्स पुरत नाही. नवरी सांभाळायची की पाहुणे, हा निर्णय फोटोग्राफरनं घ्यायचा असतो, आणि उत्तर उघड आहे.

हाच खेळ जंगलात ऋतूप्रमाणे बदलतो. ताडोबा-अंधारीत काय किंवा वैनगंगेपलीकडे आलापल्लीच्या रानात काय, सागवान उन्हाळ्यात जवळजवळ उघडं पडतं. प्रकाश वरून सरळ येतो, जमिनीवर वाळलेला पाला आणि पिवळं गवत. ऑटो व्हाइट बॅलन्सला हे सगळं उबदार वाटतं आणि तो चित्र थोडं निळ्याकडे ओढतो. पावसाळ्यात बांबूच्या दाट बेटाखाली उलट: पानांतून झिरपलेला प्रकाश हिरवा, समोरची वस्तूही हिरवी. समोर एकाच रंगाचं राज्य असेल तर तो रंग प्रकाशाचा की वस्तूचा, हे ऑटोला कळायला मार्ग नाही. तो मॅजेंटा ओततो आणि मानवेलाचा कोवळा कोंब तपकिरी दिसायला लागतो. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रामुळे या भागात बांबूच्या वस्तूंचं काम ओळखीचं झालं आहे. त्या वस्तूंचे फोटो ऑनलाइन विक्रीसाठी काढणाऱ्यांनी तरी ऑटोवर विसंबू नये. हिरवट पिवळी टोपली पाहून मागवणाऱ्याच्या हाती मधाळ रंगाची आली की ती परत येते.

रात्रीच्या वरातीत आणखी दोन भानगडी. पांढरा एलईडी दिवा मुळात निळा असतो. त्याच्यावरचं पिवळं फॉस्फर निळ्यातला काही भाग पिवळ्यात बदलतं आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. स्वस्त दिव्यांत गडद लाल जवळपास नसतो. लाल शालू मातकट आणि चेहरे निस्तेज दिसतात ते त्यामुळे. जो रंग प्रकाशातच नाही तो कुठल्याही व्हाइट बॅलन्सनं परत येत नाही. दुसरी भानगड वीजपुरवठ्याची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण ईव्हीएफमध्ये आडवे पट्टे सरकताना दिसतात आणि कधी एक पट्टा पिवळट, दुसरा निळसर. पॅनल चाललं असं समजून घाबरणारे इथेच जास्त. शटर १/५० किंवा १/१०० वर आणा, नाहीतर अँटी-फ्लिकर चालू करा. पट्टे गेले तर पॅनल ठणठणीत आहे.

आता दुसरं तोंड, कॅमेऱ्याची प्रक्रिया. ईव्हीएफमध्ये दिसतं ते जेपेगचं चित्र, तुम्ही रॉ काढत असलात तरी. त्यावर पिक्चर स्टाइल, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन सगळं चढलेलं असतं. कोणी व्हिडिओसाठी लॉग प्रोफाइल लावून विसरला असेल तर दृश्य धुरकट, रंग उडालेलं दिसेल. त्याहून फसवी एक सोय आहे. सोनीत तिला लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेमधलं 'सेटिंग इफेक्ट', फुजीफिल्ममध्ये 'नॅचरल लाइव्ह व्ह्यू', कॅननच्या काही कॅमेऱ्यांत ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरची नक्कल म्हणतात. निकॉनच्या झेड मालिकेतही सेटिंगचा परिणाम दृश्यात दाखवायचा की नाही हे निवडता येतं. परिणाम दाखवणं बंद असेल तर कॅमेरा पाहायला सोयीचं असं दृश्य दाखवतो आणि तुम्ही ठरवलेला व्हाइट बॅलन्स त्यात दिसेलच असं नाही. स्टुडिओत फ्लॅश वापरणाऱ्यांना ही सोय लागते, कारण फ्लॅश उडण्याआधी खोली अंधारी असते. स्टुडिओतून मांडवात आल्यावर परिणाम दाखवणं पुन्हा चालू करायचं राहून जातं. चालू दृश्य आणि प्लेबॅक जुळत नसतील तर सगळ्यात आधी इथे पाहा.

लॅपटॉपवरच्या तिसऱ्या पिवळ्याचंही उत्तर इथेच आहे. रॉ फाइल लाइटरूममध्ये उघडताना एक क्षण नीट पाहा. आधी कॅमेऱ्यानं फाइलमध्ये ठेवलेलं छोटं जेपेग दिसतं, जवळपास ईव्हीएफसारखं. सेकंदभरात चित्र बदलतं, हळद थोडी मंदावते, सावल्या उजळतात. त्या सेकंदात सॉफ्टवेअरनं कॅमेऱ्याचा अर्थ टाकून स्वतःचा लावलेला असतो. प्रोफाइलच्या यादीत कॅमेऱ्याशी जुळणारा पर्याय निवडला की बराचसा फरक मिटतो. जेपेग काढणाऱ्यांची अडचण वेगळी: कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी निवडलेलं असतं. १९९८ सालचं हे रंगक्षेत्र १९९६ च्या एसआरजीबीपेक्षा मोठं आहे आणि छपाईच्या कामात उपयोगी पडतं, पण रंगाचं गणित न समजणाऱ्या ॲपमध्ये असा फोटो मलूल दिसतो. लग्नाचे फोटो व्हॉट्सॲपवरच फिरणार असतील तर एसआरजीबी ठेवावं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा प्रक्रियेची आणखी एक मर्यादा उघडी पडते. भर उन्हातलं पळसाचं फूल ईव्हीएफमध्ये पाहा: पाकळ्या एकसंध शेंदरी डाग, त्यांच्यावरची मखमली लव गायब. एकूण प्रकाशमान ठीक असतं, पण लाल वाहिनी तिच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकलेली असते आणि टेकल्यावर तिथे छटा उरत नाहीत. पांढरा हिस्टोग्राम हे लपवतो. लाल, हिरवा आणि निळा वेगळा दाखवणारा हिस्टोग्राम लावला की लालचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला दिसतो. एक्स्पोजर एक-दीड स्टॉप खाली आणा, लव परत येते. ताम्हणाची गोष्ट वेगळी. आपल्या राज्यफुलाचा जांभळा-गुलाबी रंग काही कॅमेऱ्यांत निळा पडतो, काहींत गुलाबी. सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या आणि डोळ्यातल्या शंकूपेशी प्रकाशाचे वेगवेगळे तुकडे टिपतात, आणि जांभळ्याच्या बाबतीत हा बेबनाव जास्त उघड होतो. डोळ्याला दिसत नाही तो अवरक्त प्रकाशही घोळ घालतो. २००६ मध्ये आलेल्या लायका एम-८ मध्ये सेन्सरपुढची अवरक्त गाळणी कमी पडली आणि काळे कृत्रिम कपडे मॅजेंटा दिसू लागले; कंपनीला ग्राहकांना भिंगावर लावायच्या गाळण्या द्याव्या लागल्या. असा दोष ईव्हीएफ, मागची स्क्रीन आणि छापील फोटो या तिन्हींत सारखाच दिसतो. तो दिसला म्हणून पॅनलचं सेटिंग हलवायचं नाही.

पहाटेच्या सफारीत ईव्हीएफ बाहेरच्यापेक्षा उजळ दिसतो, ही मात्र त्याची मेहरबानी. अंधुक प्रकाशात कॅमेरा सेन्सरचा संदेश वाढवून दाखवतो. त्यासोबत दाणे येतात, रंग डळमळतात. त्या वेळी ईव्हीएफमध्ये पाहून वाघाच्या अंगाचा रंग ठरवणं व्यर्थ आहे. फोकस आणि चौकट सांभाळावी.

चौथं तोंड डोळ्याचं आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. अशा उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाची उजळता तीस हजार निट्सच्या घरात जाते. ईव्हीएफचं पॅनल त्याच्या मानानं फारच मिणमिणतं. उन्हातून थेट आयपीसला डोळा लावला की पहिले काही क्षण रंग फिके वाटतात. उजळता वाढली की तोच रंग अधिक गडद भासतो, कमी झाली की फिका, हे ब्रिटिश रंगशास्त्रज्ञ हंट यांनी १९५२ मध्ये दाखवलं आणि त्याला हंट परिणाम असंच म्हणतात. म्हणजे ईव्हीएफची ब्राइटनेस ऑटोवर असेल तर ढग येता-जाता रंगही बदलल्यासारखे वाटणार. रंग तपासायचा असेल तेव्हा ती मॅन्युअलवर मध्यावर ठेवा, डोक्यावर काळं फडकं घ्या आणि मिनिटभर आत पाहत राहा. मगच बोला. जाळीखाली तासभर वावरलेला डोळा हिरव्याला कंटाळलेला असतो आणि ईव्हीएफमधला शुद्ध करडा त्याला गुलाबीसर दिसू शकतो.

याच वेळी दुसराही प्रयोग करून टाका: उजव्या डोळ्यानं पाहा, मग डाव्यानं. दोन्हींत थोडा फरक पुष्कळांना आढळतो. चाळिशी-पन्नाशीनंतर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश अडवू लागतं. हे इतकं हळूहळू होतं की कळत नाही. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ते एका दिवसात कळतं, नव्या भिंगाचा डोळा निळसर-स्वच्छ, दुसरा जुन्या पिवळ्या कागदासारखा. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची अशी शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली आणि नंतर रंग खूप निळे दिसतात म्हणून ते वैतागले होते. शस्त्रक्रिया झालेला फोटोग्राफर ईव्हीएफ थंड रंगाचा झाला म्हणून कॅमेरा दुरुस्तीला नेतो, तेव्हा दुरुस्त झालेला असतो तो स्वतः.

डोळा आणि आयपीस यांच्या मधल्या क्षुल्लक गोष्टीही पाहून घ्या. रबरी आयकप फाटला असेल तर बाजूनं ऊन शिरतं आणि काळे रंग पांढुरके होतात. चष्मेवाल्यांचा डोळा मध्यापासून सरकला की चौकटीच्या कडांना निळी-पिवळी झालर दिसते. ती आयपीसच्या भिंगाची, पॅनलची नाही, डोळा मध्यावर आणला की जाते. पोलराइज्ड गॉगल लावून कुठलीही स्क्रीन तपासू नका. आणि आयपीसवरचा घाम-धुळीचा थर मऊ कापडानं पुसा, हे सांगायला नको खरं तर, पण लग्नसराईत तो थर पाहिला की सांगावंसं वाटतं.

हे सगळं पार केल्यावर तिसरं तोंड, पॅनल. काढलेला तोच करड्या कार्डाचा फोटो, ताजा डोळा, मध्यम ब्राइटनेस; तरीही ईव्हीएफमध्ये करडा हिरवट आणि बाकी सगळीकडे करडाच, तर पॅनलचा कल खरा आहे. एकाच मॉडेलच्या दोन कॅमेऱ्यांतही असा थोडा फरक निघतो. उपाय मेनूतच असतो. निकॉनमध्ये व्ह्यूफाइंडर कलर बॅलन्सला दोन्ही अक्ष मिळतात. फुजीफिल्ममध्ये ईव्हीएफ कलर ॲडजस्टमेंट आहे, कॅननच्या बऱ्याच मिररलेस कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरची रंगछटा निवडून बारीक फिरवता येते. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडर कलर टेंपरेचर फक्त उबदार ते थंड एवढंच सरकतं, त्यामुळे हिरवा-मॅजेंटा कल तिथे घालवता येत नाही. या सेटिंगचा फोटोवर काडीचाही परिणाम होत नाही, बदलतं ते फक्त दिसणं. एकेक पायरी सरकवा, डोळा काढून दूरवरच्या करड्या दगडाकडे पाहा, पुन्हा आत पाहा. कुठलाही रंग न दिलेला सिमेंटचा खांबही चालतो. आणि ईव्हीएफ जुळवायचा तो मागच्या स्क्रीनशी नव्हे. ती स्क्रीनही कारखान्यातून तितकीच कललेली आलेली असू शकते. जुळवायचं असेल तर कॅलिब्रेट केलेल्या मॉनिटरशी, तो नसेल तर नॅचरलवर ठेवलेल्या फोनशी. मॉनिटरवर बसवायचं कॅलिब्रेशनचं यंत्र आयपीसच्या इवल्या भोकावर बसत नाही, म्हणून हे काम शेवटी नजरेवरच येतं.

मेनूनं न सुटणारे दोष ओळखायला सोपे आहेत. चौकटीची एक बाजू गुलाबी आणि दुसरी हिरवट. मरून पडलेली उभी ओळ. नेहमी एकाच जागी असणाऱ्या बॅटरीच्या चिन्हाची सावली कायम राहणं, कारण ओएलईडीचे सेंद्रिय थर वापरानं झिजतात. आणि या भागात खास, पिवळे-तपकिरी डाग किंवा रेघ. हे डाग उन्हाचे. आयपीस हे भिंगच आहे, ते उलट्या दिशेनंही काम करतं. सूर्य त्याच्या समोर आला की किरणं एकवटून थेट पॅनलवर पडतात. जिप्सीत कॅमेरा मांडीवर उताणा ठेवला, किंवा तेंदूपत्त्याच्या फळीवर (संकलन केंद्रावर) बातमीसाठी गेलेल्या वार्ताहरानं लांब भिंगाचा कॅमेरा गळ्यात अडकवला, की भिंग खाली झुकतं आणि आयपीस आकाशाकडे होतो. मे महिन्यातल्या दुपारी तेवढं पुरतं. कंपन्या माहितीपुस्तिकेत याची सूचना देतात. त्याच पुस्तिकेत कॅमेऱ्याच्या वापराचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, आणि चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कॅमेरा वापरात नसेल तेव्हा आयपीसवर टोपी किंवा गमछा टाकणं एवढाच उपाय. डाग एकदा पडला की पॅनल बदलावं लागतं.

दुरुस्तीला जाताना कॅमेऱ्यासोबत करड्या कार्डाचा तो फोटो मेमरी कार्डात ठेवून न्या, व्हाइट बॅलन्स आणि ईव्हीएफचं रंगसेटिंग मूळ जागी आणून. काउंटरवर तोच फोटो आधी मागच्या स्क्रीनवर, मग ईव्हीएफमध्ये दाखवा, आणि समोरच्या माणसाला दोन्ही डोळ्यांनी, एकेक करून, पाहायला सांगा.